नकाराची नोंद
वर्डप्रेसचं प्लगइन लिहिणारे अनेकजण प्लगइन सक्रिय होतानाच मूळ सेटिंग्ज डेटाबेसमध्ये भरतात आणि निर्धास्त होतात. पण २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून प्लगइन अपडेट होताना हा सक्रिय होतानाचा कोड चालतच नाही; नव्यानं वाढवलेला पर्याय जुन्या वापरकर्त्याच्या डेटाबेसमध्ये पोचत नाही. म्हणून मूळ मूल्यं कोडमध्ये एकाच जागी ठेवावीत आणि वाचताना साठवलेल्या मूल्यांशी जोडून घ्यावीत. मात्र सेटिंग्जच्या फॉर्ममधला टिक काढलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. जतन करताना तिथे स्पष्ट शून्य नोंदवलं नाही, तर मूळचं ‘होय’ परत येतं. विचारपूर्वक दिलेला नकार असा पुसला जाता कामा नये. मूळ मूल्य म्हणजे न बोललेल्याच्या वतीनं घेतलेला निर्णय. जो बोलला, त्याचा शब्द अखेरचा.