धार कोणाची गेली?

आमच्या सोसायटीच्या कमिटीने ठराव मांडला : लॉन पिवळं पडतंय, सबब माळी बदलावा. विरोधात मी एकटा. अहो, मी बँकेतला कारकून. हिशेब जुळला नाही तर आधी खतावणी बघतो, शिपायाला काढत नाही!

आमचं गवतकापं यंत्र फिरत्या पात्यांचं. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगने कापडाची लव कातरायच्या यंत्रावरून हे काढलं. थोडक्यात, कात्रीच. फिरती पाती नि खालची स्थिर पट्टी, दोघांचं जमलं तर गवत कापलं जातं; नाहीतर ओरबाडलं जातं नि शेंडे वाळतात. गोल्फच्या मैदानात खळग्याभोवतीचं गवत ३-४ मिलिमीटरवर राखतात. ते काय माळी बदलून? धारेची पेस्ट लावून पाती उलटी फिरवतात, पट्टी जुळवतात नि कागद कापून बघतात.

मी भर सभेत आमच्या यंत्रात पैसे भरायची स्लिप घातली. चुरगळून बाहेर आली, पण शाबूत!

सेक्रेटरी म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण धारेचा खर्च मंजूर कोण करणार?"

ठराव पास झाला. गवत कापायला धार लागते. गरिबाचा गळा कापायला बोथट कमिटीसुद्धा पुरते.