पाणी उकळून नायट्रेट जात नाही

पावसाळा आला की आम्ही सरकारी रुग्णालयातले डॉक्टर दिवसभर एकच वाक्य म्हणत असतो, पाणी उकळून प्या. ते बरोबरच आहे. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले, तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या लोकांना हेच सांगावे लागले. त्या साथीने सगळ्यांचे लक्ष पाण्यातल्या जंतूंकडे वळवले. त्याच सुमारास केंद्रीय भूजल मंडळाचा वार्षिक अहवालही आला होता. त्यातला प्रश्न मात्र उकळून सुटणारा नव्हता.

देशभरातल्या 15,259 ठिकाणांच्या भूजलापैकी जवळपास 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 36 टक्के आहे. असे नमुने सापडलेले जिल्हे 2017 मध्ये 359 होते, 2023 मध्ये 440 झाले. सर्वांत वाईट स्थितीतल्या 15 जिल्ह्यांत सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ.

ही यादी वाचून सगळे युरियाकडे बोट दाखवतात आणि शेतीपट्ट्यात ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण शहराच्या कडेला नायट्रेटचा दुसरा झरा असतो, तो घराच्या मागच्या शोषखड्ड्यात.

भोर तालुक्यातले शिवरे घ्या. पुणे-सातारा महामार्गावर वेळूपासून नसरापूरपर्यंतच्या पट्ट्यात शेतांचे प्लॉट पडले, गोदामे आली, हॉटेले आली. शहराची वस्ती आली, पण शहराचे ड्रेनेज तिच्याबरोबर येत नाही. प्लॉट घेतला की आधी बोअर मारायचा, मग सेप्टिक टँक आणि शोषखड्डा खणायचा. दोन्ही एकाच तुकड्यात. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर, म्हणजे साधारण 60 फूट लांब हवा, असा भारतीय मानक संस्थेचा दंडक आहे. एक गुंठ्याचा प्लॉट 33 फूट बाय 33 फूट असतो. त्यात 60 फूट कुठून आणणार? आणि मालकाने अगदी कोपऱ्यात खड्डा घेतला, तरी त्या कोपऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा बोअर असतोच.

हा दंडकसुद्धा मुख्यतः जंतूंचा विचार करून केलेला आहे. माती जंतूंना बऱ्यापैकी अडवते, नायट्रेटला अडवत नाही. मलमूत्रातला नायट्रोजन टाकीत अमोनियाच्या रूपात असतो. शोषखड्ड्यातून तो हवेशीर मुरमात उतरला की मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि पुढच्या पावसाबरोबर ते खाली जाते. खाली दख्खनचा काळा पाषाण. त्यातले पाणी भेगांमधून वाहते. कुठली भेग कोणाच्या बोअरला मिळते, हे वरून कळत नाही.

थोडे गणित करू. माणसाच्या शरीरातून दिवसाला आठेक ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर 35 ग्रॅम होईल, म्हणजे सुमारे 800 लिटर स्वच्छ पाणी मर्यादेला आणून ठेवण्याइतके. चार माणसांच्या घराचे 3,000 लिटरच्या वर, तेही रोज. काही नायट्रोजन हवेत निघून जातो, पावसाने पाणी पातळ होते, हे मान्य. पण एका गावात अशी किती घरे वाढली, ते मोजून पाहा.

पहिला फटका बसतो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, तेही वरच्या दुधावरच्या. पोटातले आणि आतड्यातले जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइटमुळे हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन होते आणि ते प्राणवायू पोचवत नाही. ते पूर्ववत करणारे एन्झाइम तान्ह्या बाळात कमी असते. शिवाय वजनाच्या हिशेबात बाळ मोठ्या माणसाच्या तिप्पट-चौपट पाणी पिते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने 1945 मध्ये विहिरीच्या पाण्याने निळी पडलेली बाळे प्रथम नोंदवली.

बाळाचे ओठ-नखे निळसर करडी होतात, छाती मात्र स्वच्छ असते. प्राणवायू लावूनही ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडून राहतो. रक्त चॉकलेटी दिसते आणि हवा लागली तरी लाल होत नाही. मिथिलीन ब्ल्यूचे इंजेक्शन दिले की बहुतेक बाळे तासाभरात सुधारतात (जी-6-पीडी एन्झाइमची कमतरता असेल तर ते देता येत नाही). मात्र निदान डॉक्टरच्या डोक्यात यावे लागते. हृदयाचा दोष, न्यूमोनिया अशी नावे आधी सुचतात, घरच्या पाण्याची चौकशी शेवटी होते किंवा होतच नाही. आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, त्यामुळे आई तेच पाणी पीत असली तरी अंगावर पिणारे बाळ सुरक्षित राहते.

मोठ्यांचे काय? डेन्मार्कमध्ये 27 लाख लोकांच्या नोंदींवरून 2018 मध्ये झालेल्या अभ्यासात नायट्रेट मर्यादेच्या बरेच खाली असतानाही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला दिसला. तो धोका लहान आहे, पण तेच पाणी आयुष्यभर प्यायचे असते.

आपली गावपातळीवरची सगळी व्यवस्था जंतूंसाठी उभी आहे. टीसीएल पावडर, ओटी टेस्ट, ग्रामपंचायतीला मिळणारे हिरवे कार्ड. यांनी कॉलरा-कावीळ आटोक्यात ठेवली, त्यांची चेष्टा करणार नाही. पण कार्ड हिरवे असले म्हणून नायट्रेट कमी आहे असे समजू नये. क्लोरिन, तुरटी, यूव्ही यांनी ते जात नाही. उकळल्याने पाणी आटते आणि उरलेल्यात नायट्रेट दाट होते. आरओने बरेच निघते, मात्र आरओचे टाकाऊ पाणी बहुधा त्याच शोषखड्ड्यात जाते!

माझ्या मते प्लॉटिंगला परवानगी देतानाच प्रत्येक घराला बोअर आणि खड्डा हा प्रकार थांबवला पाहिजे. एक सामाईक सांडपाणी प्रकल्प आणि तपासलेला एकच स्रोत, ही अट घातल्याने बिल्डरचा खर्च वाढेल. वाढू द्या.

तोवर घरात तान्हे बाळ आणि वरचे दूध असेल, तर बोअरचे पाणी तपासल्याशिवाय दुधाच्या पावडरीत, पेजेत किंवा घुटीत घालू नका. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी किट वापरायला शिकवले आहे आणि त्यात नायट्रेटची चाचणी असते. जास्त निघाले तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पक्की तपासणी करून घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. अहवाल हातात आला की आकड्यापुढे काय लिहिले आहे ते पाहा. 45 ही मर्यादा ‘नायट्रेट’ची आहे. काही अहवालांत ‘नायट्रेट नायट्रोजन’ लिहितात आणि त्याची मर्यादा 10 च्या आसपास असते. त्यात 12 आकडा दिसला तर ते नायट्रेट 53 आहे.