हातोडा कोणाच्या हाती?

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीज या लिलावगृहात मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ सालचे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. लिलावगृहाचा अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरचा. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेल्या या चित्रकाराच्या चित्राने आधुनिक भारतीय कलेचा तोवरचा सर्वांत मोठा भाव मिळवला. वर्तमानपत्रांनी कौतुकाचे मथळे दिले. सर्वसामान्य माणसाने तोंडात बोट घातले आणि विचारले, एका चित्राला एवढे पैसे? हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण चळवळीच्या वाचकाने त्याच्या पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. हे पैसे कोणाला मिळतात? आणि ही किंमत ठरवतो कोण?

आधी बाजाराची चाल पाहू. २००२ मध्ये तैयब मेहता यांचे 'सेलिब्रेशन' न्यूयॉर्कला सुमारे दीड कोटी रुपयांना गेले, तेव्हा खळबळ उडाली होती. २००५ मध्ये त्यांच्याच 'महिषासुर'ने १० लाख डॉलरची मर्यादा ओलांडली. २०१० मध्ये रझा यांचे 'सौराष्ट्र' १६ कोटींच्या वर गेले. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीजने मुंबईत भारतातला आपला पहिला लिलाव केला आणि वासुदेव गायतोंडे यांचे चित्र २३ कोटी ७० लाखांना विकले. २०२३ मध्ये अमृता शेरगिल यांचे 'द स्टोरी टेलर' ६१ कोटी ८० लाखांना गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये गायतोंडे यांच्याच एका चित्राला ६७ कोटी ८ लाख मिळाले. तेवीस वर्षांत दीड कोटीवरून शंभर कोटींच्या पार!

जगाचा बाजार मात्र याच काळात गारठला होता. आर्ट बाझल आणि यूबीएस बँक यांच्या वार्षिक अहवालानुसार २०२३ मध्ये जागतिक कलाबाजाराची उलाढाल ६५ अब्ज डॉलर होती, ती २०२४ मध्ये साडेसत्तावन्न अब्जांवर घसरली. मग भारतीय चित्रेच का चढली? कारण सरळ आहे. दिवंगत चित्रकार नवे चित्र काढत नाही. माल मर्यादित आणि १९९१ नंतर तयार झालेले धनिक वाढते. शेअर, सोने, जमीन यांच्या जोडीला चित्र हीही एक गुंतवणूक झाली.

आता पैशाचा माग काढू. चित्रकार चित्र विकतो एकदाच. घेणारा ते दहा, वीस, चाळीस वर्षे सांभाळतो आणि लिलावाला लावतो. हातोडा पडतो तेव्हा रक्कम जाते त्या मालकाला. लिलावगृह विकणाऱ्याकडून दलाली घेते आणि घेणाऱ्याकडूनही वर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वसूल करते. ज्याच्या हाताने चित्र घडले तो या व्यवहारात कुठेच नसतो. २००५ मध्ये 'महिषासुर' विकले गेले तेव्हा तैयब मेहता हयात होते, ऐंशी वर्षांचे होते. तो विक्रम त्यांच्या नावावर जमा झाला आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यावर! नागपुरात जन्मलेले गायतोंडे दिल्लीत एका लहानशा जागेत राहिले, २००१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांना कोटींचे भाव आले ते नंतर.

अमेरिकेतले उदाहरण याहून बोलके आहे. ज्याँ-मिशेल बास्किया हा काळा तरुण न्यूयॉर्कच्या भिंतींवर लिहीत, रंगवीत पुढे आला. १९८२ मध्ये त्याने रंगवलेली एक कवटी १९८४ मध्ये लिलावात सुमारे २१ हजार डॉलरला गेली. १९८८ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो मरण पावला. २०१७ मध्ये तेच चित्र ११ कोटी ५ लाख डॉलरला विकले गेले. काळ्या माणसाच्या कलेचा केवढा हा सन्मान, असे कोणालाही वाटेल. पण पुढच्याच वर्षी कलाबाजाराच्या अभ्यासकांनी दहा वर्षांचे आकडे मांडले. २००८ ते २०१८ या काळात जगभरच्या लिलावांत आफ्रिकन-अमेरिकन कलावंतांच्या कलाकृतींचा वाटा होता फक्त १.२ टक्के. त्यातलाही ७७ टक्के एकट्या बास्कियाचा! म्हणजे एकाला शिखरावर बसवायचे, त्याच्याकडे बोट दाखवून 'आता भेदभाव उरला कुठे?' असे विचारायचे आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचे. ही चाल आपल्या चांगल्या परिचयाची आहे.

१९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ज्यांच्या नावावरून आपल्या संघटनेचे नाव ठेवले, त्या काळ्या समाजाने निदान हा हिशेब तरी मांडला. आपल्याकडचे चित्र काय आहे? भारतीय लिलावातल्या विक्रमी नावांची यादी पाहा. हुसेन, रझा, सूझा, गायतोंडे, तैयब मेहता, शेरगिल. ही माणसे मोठीच आहेत. त्यांच्या कलेबद्दल वाद नाही. पण देवदासी आणि अस्पृश्यता यांचे दाहक वास्तव कॅनव्हासवर आणणाऱ्या नागपूरच्या सवी सावरकरांचे नाव त्या यादीत नाही. बिहारच्या मिथिलेत दुसाध समाजातल्या स्त्रियांनी आपल्या अंगावरच्या गोंदणातून गोदना शैली उभी केली, राजा सलहेसची कथा कागदावर आणली. त्याच परंपरेतल्या शांतीदेवी आणि शिवन पासवान यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण यांच्या कामाला शिक्का बसला 'लोककला', 'आदिवासी कला' असा. आणि शिक्का बदलला की भावही बदलतो. एकाच्या रेषेखाली सही असते, दुसऱ्याची रेष साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर बिनसहीची उमटते. श्रम आमचे आणि नाव जमातीचे, नफा तिसऱ्याचाच!

तर मग किंमत ठरवतो कोण? ती केवळ रंगरेषांच्या गुणावर ठरते, असे बाजार सांगतो. ते अर्धसत्य आहे. लिलावाच्या सूचीपुस्तकात चित्राखाली एक मजकूर असतो. हे चित्र कोणी, कधी विकत घेतले, कोणत्या प्रदर्शनात लागले, कोणत्या पुस्तकात छापले गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर तो त्या चित्राचा सातबारा असतो. सातबारा चोख असेल तर बोली चढते. नसेल तर उत्तम चित्रही बेवारस ठरते.

हा सातबारा कसा तयार होतो, याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, तेव्हा त्यांना कोण विचारीत होते? हुसेन फलक रंगवणारे. कृष्णाजी आरा लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेले. सूझांना जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेले. यांच्यामागे उभे राहिले ते हिटलरच्या राजवटीमुळे देश सोडून मुंबईत आलेले तीन परदेशी. रुडॉल्फ फॉन लायडन यांनी त्यांच्यावर लिहिले, वॉल्टर लँगहॅमर यांनी त्यांना शिकवले-सावरले, इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी त्यांची चित्रे विकत घेतली. पुढे डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी चित्रे घेतली. लिहिणारा, शिकवणारा, विकत घेणारा आणि भिंत देणारा, अशी चार माणसे मिळाली. आजच्या कोटींच्या बोलीचा पाया तिथे घातला गेला. आपल्या देशातून हाकलल्या गेलेल्यांना इथल्या उपेक्षितांची कला ओळखता आली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बाजाराचा हातोडा अजिंक्य असतो, असेही समजण्याचे कारण नाही. १८९८ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खोदला. त्यात तथागतांच्या अस्थी आणि त्यांच्यासोबत अर्पण केलेली रत्ने मिळाली. त्यातला एक भाग पेपे कुटुंबाकडे राहिला. मे २०२५ मध्ये सदबीज या लिलावगृहाने ती रत्ने हाँगकाँगला बोलीवर लावली. कागदपत्रे होती, मालकी होती, खोदल्याची तारीखही होती. पण गुलामीच्या काळात जमिनीतून काढलेली श्रद्धेची ठेव ही विक्रीची वस्तू ठरते काय? देशोदेशींच्या बौद्धांनी आणि अभ्यासकांनी आवाज उठवला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली आणि लिलाव थांबला. जुलैअखेर, १२७ वर्षांनी, ती रत्ने भारतात परतली. अर्थात तीही एका उद्योगसमूहाने विकत घेतली म्हणून परतली, हा त्यातला काटा आहेच. तरीही लोकांचा आवाज आणि कायदा एकत्र आले की हातोडा हवेतच थांबतो, एवढे सिद्ध झाले.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्याकडे आहे! भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३ अ आले. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा साहित्यकृतीचे मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत निर्मात्याला आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांना वाटा मिळण्याचा हक्क हे कलम देते. वाट्याची कमाल मर्यादा आहे दहा टक्के. मुंबईतल्या २०१३ च्या त्या एका गायतोंडे चित्रावर असा वाटा कमाल दराने दोन कोटींच्या घरात गेला असता. पण वाटा ठरवायचे काम ज्या कॉपीराइट मंडळाकडे सोपवले होते ते आधी दुसऱ्या मंडळात विलीन झाले, तेही २०२१ मध्ये रद्द झाले आणि विषय व्यापारी न्यायालयांकडे गेला. कलम कागदावरच राहिले. फ्रान्सने हा हक्क १९२० मध्ये दिला. ब्रिटनमध्ये २००६ पासून तो अमलात आहे. वसुली करणाऱ्या संस्था आहेत, दर ठरलेले आहेत. मग भारतातच तो का गोठला? कारण ज्यांना तो हवा ते विखुरलेले आहेत आणि ज्यांना तो नको ते संघटित आहेत. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवले होते. कलेच्या दालनातही ते दोघे हातात हात घालून उभे दिसतात. एक कोणाला कलावंत म्हणायचे ते ठरवतो, दुसरा कोणाला पैसे द्यायचे ते.

म्हणून पहिली मागणी सरकारकडे. कलम ५३ अ अमलात आणा. पुनर्विक्रीचा दर ठरवा, प्रत्येक लिलावगृहाला विक्रीचा अहवाल देणे सक्तीचे करा आणि वसुलीची यंत्रणा उभारा. सरकारी कलासंग्रहांनी कोणत्या समाजघटकांतल्या कलावंतांच्या कलाकृती घेतल्या, याची जाहीर मोजणी करा. जे मोजले जात नाही ते मागताही येत नाही.

दुसरे काम मात्र आपले आपणच करायचे आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी पुस्तकांचे ढीग विकले जातात. हा ग्रंथबाजार कोणत्या प्रस्थापित प्रकाशकाने उभा केला? रेल्वेने, ट्रकने, पायी आलेल्या माणसाने भाकरीच्या पैशातून पुस्तक घेतले, म्हणून तो उभा राहिला. मग पुस्तकाशेजारी चित्राचा स्टॉल का नसावा? आपल्या वस्त्यांत बाबासाहेबांची तैलचित्रे रंगवणारे हात होते. फ्लेक्स आला आणि ते हात रिकामे झाले. आज कलाशाळांतून आपली मुले-मुली शिकून बाहेर पडत आहेत, पण त्यांची चित्रे खोलीत भिंतीला टेकून धूळ खात पडली आहेत. विहार, वसतिगृहे, महाविद्यालये, पतसंस्था, कर्मचारी संघटना यांनी जयंतीच्या खर्चातला लहानसा भाग बाजूला काढून दरवर्षी एक जरी मूळ चित्र विकत घेतले, तरी गावोगाव संग्रह उभे राहतील.

आणि घेताना पावती घ्या. चित्रकाराचे नाव, वर्ष, आकार, माध्यम, किंमत, चित्राचा फोटो हे सारे नोंदवहीत लिहा. जुन्या मोर्च्यांची हाताने रंगवलेली भित्तिपत्रके, लिटल मॅगझिनची मुखपृष्ठे, कवींची हस्तलिखिते रद्दीत जाऊ देऊ नका. आज किलोच्या भावाने गेलेला कागद उद्या कोणाच्या तरी दालनात काचेमागे लागेल आणि त्याखाली मालक म्हणून भलत्याचेच नाव असेल. आपल्या लिहिणाऱ्यांनी कवितासंग्रहांवर लिहिले तसे चित्रांवरही लिहावे. आपली मुले कोटींच्या बोलीत उभी राहावीत, एवढ्यासाठी हे करायचे नाही. त्यांना चित्र काढून सन्मानाने जगता यावे आणि चळवळीची दृश्य स्मृती चळवळीच्याच हाती राहावी, यासाठी करायचे आहे. येत्या जयंतीच्या जमाखर्चात एका चित्राची रक्कम लिहा आणि त्या रकमेपुढे चित्रकाराचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका.