फळें तोडण्याची हौस

डिसेंबर उजाडला कीं आमच्या शहरांतील सुखवस्तु कुटुंबांना एकाएकीं शेताची आठवण होते. रविवारीं पहाटे मोटारी निघतात. पांचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधल्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांपाशीं थांबतात. मुलांच्या हातीं एकेक टोपली दिली जाते, आणि त्या टोपल्या भरत असतां आईबाप कडेला उभे राहून छायाचित्रें घेतात. ज्यांना घाट चढून जाणें जमत नाहीं ते शहराबाहेरच्या एखाद्या रोपवाटिकेंत सकाळ घालवितात, आणि फुललेल्या चार कुंड्या मोटारींत घालून परत येतात. नाशिककडचे लोक द्राक्षांच्या मांडवाखालीं जातात. ज्वारीच्या मुलखांत हुरड्याचीं तिकिटें लागतात. ह्या सर्व प्रकाराला आतां ‘कृषिपर्यटन’ असें भारदस्त नांव मिळालें असून २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें त्याविषयींचें धोरणहि मंजूर केलें आहे. तेव्हां ही एका हंगामाची लहर राहिलेली नाहीं, ती रूढि झाली आहे. आणि रूढीची चिकित्सा करणें हें मासिकांचें कामच आहे.

ह्या सहलींच्या पुरस्कर्त्यांचे दावे तीन. मुलांना शेती समजते, हा पहिला. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, हा दुसरा. आणि शहरी माणसाचें मातीशीं तुटलेलें नातें पुन्हां जुळतें, हा तिसरा. ह्यांपैकीं दुसरा दावा बऱ्याच अंशीं खरा, पहिला बहुतांशीं खोटा, आणि तिसरा अद्यापि सिद्ध व्हावयाचा आहे, असें माझें म्हणणें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गर्दीच्या नांवानें नाक मुरडणाऱ्या रसिकांच्या पंथांतला मी नाहीं. १८४४ सालीं केंडलहून विंडरमीअरकडे आगगाडी नेण्याचा बेत निघाला तेव्हां वर्ड्स्वर्थसारख्या थोर कवीनें त्याला कडाडून विरोध केला. सृष्टिसौंदर्याची अभिरुचि हळूहळू घडावी लागते, मजुरांचे तांडे गाडींतून सरोवरांच्या कांठीं आणून सोडल्यानें ती घडत नाहीं, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. ज्यानें सर्व आयुष्य त्या सरोवरांच्या सहवासांत काढलें त्यानें इतरांच्या एका दिवसाच्या सुखाआड यावें, हें त्या कवीला शोभलें नाहीं. डोंगरदऱ्यांवर कोणाचेंहि वतन नाहीं. आठवडाभर कचेरींत मान मोडून काम करणाऱ्या गृहस्थाला रविवारीं मुलांना घेऊन मोकळ्या हवेंत जावेंसें वाटलें, तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे? तो शेतावर जातो, ही माझी तक्रार नाहीं. तो फक्त फळ असतांनाच जातो, ही माझी तक्रार आहे.

आतां पहिला दावा घेऊं. महाबळेश्वरला वर्षाकाठीं दोनशें इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तोहि बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या पावसांत स्ट्रॉबेरीच्या कोंवळ्या रोपांचा निभाव लागत नाहीं. म्हणून परदेशांतून आणविलेलीं मातृरोपें कमी पावसाच्या, वाईकडच्या सखल जमिनींत वाढवितात. त्यांना फुटणाऱ्या धावत्या फुटव्यांपासून नवीं रोपें तयार करतात. आणि पाऊस ओसरला म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरांत तीं रोपें वर आणून लावतात. लाल मातीचे उंच वाफे, त्यांवर ताणून अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद, त्या कागदाला पाडलेलीं भोकें, खालून ठिबकचें पाणी, आणि प्रत्येक भोकांत वांकून हातानें बसविलेलें एक रोप, असा तो पसारा असतो. फुलापासून पिकल्या फळापर्यंत सुमारे एक महिना जातो. त्या महिन्यांत चार दिवस आभाळ भरून राहिलें, अवकाळी सरी आल्या, कीं फळांवर बुरशी चढते, आणि हातातोंडाशीं आलेलें पीक खुडून फेंकावें लागतें. ह्या साऱ्या उस्तवारींतला शेवटचा क्षण, म्हणजे पिकलेलें फळ देंठासकट खुडण्याचा, तेवढाच आमच्या मुलांच्या वाट्याला येतो; आणि तेवढ्यावरून त्यांना शेती समजली असें आम्ही बिनदिक्कत मानतों!

बरें, तो क्षणसुद्धां नीट पाहिला जातो असें नाहीं. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात तींच, वनस्पतिशास्त्राप्रमाणें पाहिलें तर, तिचीं खरीं फळें. आपण फळ म्हणून जें खातों तें फुलाचें फुगलेलें आसन होय. मधमाशीनें फुलावर सर्व बाजूंनीं पराग पोंचविला तर सगळे दाणे धरतात आणि फळ चोहोंकडून सारखें भरतें. जेथले दाणे धरत नाहींत तेथें तें खुरटतें आणि वांकडें होतें. वांकडी स्ट्रॉबेरी म्हणजे त्या वाफ्याच्या रोजनिशींतली एक नोंदच असते. महिन्यापूर्वीं फूल उमललें तेव्हां माशी पुरेशी फिरली नाहीं, किंवा थंडीपावसानें फुलाला इजा केली, असें कांहींतरी ती सांगत असते. पण टोपलींतून बाहेर टाकलें जातें तें नेमकें हेंच फळ! ‘मोठीं मोठीं बघून घे’ हा उपदेश त्या वाफ्यांवर मीं पुष्कळदां ऐकला आहे. ‘हें असें वांकडें कां झालें असेल?’ हा प्रश्न एकदांहि ऐकलेला नाहीं. तेव्हां मुलांचें शिक्षण झालें खरें; पण तें बाजारांत माल निवडण्याचें झालें.

इंग्रजी कादंबरीच्या वाचकांना अशी एक सहल परिचयाची आहे. जेन ऑस्टिनच्या, १८१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘एमा’ या कादंबरींत डॉनवेल येथील बागेंत स्ट्रॉबेरी खुडण्याचा समारंभ आहे. मिसेस एल्टन नांवाची बाई भली मोठी टोपी घालून आणि टोपली घेऊन त्यांत पुढारीपण करते. आरंभीं तिच्या मतें ह्या फळासारखें फळ नाहीं आणि तें स्वतः खुडण्यासारखें सुख नाहीं. पण अर्धा तास लोटतो न लोटतो तोंच उन्हाचा आणि वांकण्याचा तिला असा कंटाळा येतो कीं कोठें सावलींत जाऊन बसेन असें तिला होऊन जातें. हा विनोद सर्वांच्या लक्षांत राहतो. त्याच प्रसंगांतली दुसरी गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. डॉनवेलच्या उतारावरून खालीं ॲबी-मिल नांवाचें शेत दिसतें, आणि त्या देखाव्यावर एमा मनापासून प्रसन्न होते. तें शेत खंडानें करणारा रॉबर्ट मार्टिन. आणि ह्याच मार्टिननें एमाच्या मैत्रिणीला घातलेली मागणी एमाच्याच सल्ल्यानें नाकारली गेलेली असते, कारण शेतकरी हा आपण परिचय ठेवावा अशा योग्यतेचा मनुष्यच नव्हे, अशी तिची समजूत! देखावा हवा, देखावा राखणारा नको, ही वृत्ति दोनशें वर्षांपूर्वीं एका चतुर बाईनें अशी टिपून ठेविली आहे. आमच्या सहलींत तीच वृत्ति तिकीट काढून हिंडते.

दुसरा दावा मी बव्हंशीं मान्य करतों. स्ट्रॉबेरी खुडल्यावर पुढें पिकत नाहीं, आणि चार दिवसांपलीकडे धड टिकत नाहीं. ती मुंबईच्या बाजारांत नेण्यांत खोकीं, गाडीभाडें, अडत आणि नासाडी इतके वाटेकरी असतात. गिऱ्हाईक आपल्या पायांनीं बांधावर आलें कीं हे वाटेकरी टळतात. २०१० सालीं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. पण मानानें रोजचा भाव ठरत नाहीं, आणि बांधावर पडलेला रोख पैसा हा शेतकऱ्याला केव्हांहि अधिक भरंवशाचा. परंतु ही पद्धत निघाली कशी तें पाहण्याजोगें आहे. अमेरिकेंत १९३० नंतरच्या मंदींत, आणि पुन्हां दुसऱ्या महायुद्धानंतर, फळांचे भाव असे पडले कीं तोडणीची मजुरी आणि खोक्यांचा खर्चहि निघेना. तेव्हां, ‘तुम्हीच या, तुम्हीच तोडा, आणि स्वस्तांत न्या’, असें तेथले शेतकरी म्हणूं लागले. शेतकऱ्याची अडचण आणि गिऱ्हाइकाची काटकसर यांनीं मिळून केलेली ती तडजोड होती. गिऱ्हाईक काम करी आणि त्या कामाबद्दल किंमतींत सूट घेई.

आमच्याकडे गोष्ट उलटली. येथें काम करावयास मिळावें म्हणून कित्येक ठिकाणीं गिऱ्हाईकच वर पैसे मोजतें. आणि तें काम रोज करणाऱ्या बाया तेवढा वेळ कडेला उभ्या राहतात. पहाटेच्या दंवांत, पाय वाफ्याला न लागूं देतां, देंठ न मोडतां, फळाला बोट न रुतवितां तासन्‌तास खुडीत जाणें हें हलकें कसब नव्हे. मुलाला खुडावें कसें हें त्यांच्यांतलीच एखादी दाखविते. मूल टोपली भरतें, त्याचें कौतुक होतें, आणि वडील त्या बाईला छायाचित्राच्या चौकटीबाहेर सरावयास सांगतात. तिचें नांव कोणी विचारीत नाहीं. तिला दिवसाला काय मिळतें हेंहि कोणी विचारीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर आंत जाण्याचे पैसे निमूटपणें देणारा हाच गृहस्थ परततांना रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीशीं दहा रुपयांसाठीं घासाघीस करतो. करमणुकीची किंमत आम्ही विनातक्रार देतों. फळाची देतांना मात्र आमचा हात आंखडतो. ह्यावरून आम्ही तेथें काय घ्यावयास गेलों होतों तें उघड होतें.

रोपवाटिकांची कथा याहून वेगळी नाहीं. फुललेला गुलाब पाहून आम्ही कुंडी उचलतों. तो गुलाब कलमी असतो. रानटी जातीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बांधून तो तयार केलेला असतो. पुढें कधींतरी त्या बांधणीच्या खालून खुंटाचा फुटवा जोरानें वर येतो. ‘झाड काय फोफावलें!’ म्हणून घरधनी खूष होतात. आणि फुटवा वरच्या कलमाच्या वाट्याचा रस ओढून घेऊन त्याला पुरतें वाळवून टाकतो. मग पुढच्या हिंवाळ्यांत नवी कुंडी! हा फुटवा ओळखून वेळींच कापावा, एवढें सांगावयास रोपवाटिकेंतल्या माळ्याला अर्धें मिनिट पुरे. पण त्याला विचारतो कोण? आम्हांला फूल हवें असतें, झाड नको असतें.

हुरड्याच्या तिकिटावरून तिसऱ्या दाव्याचा, म्हणजे नात्याचा, निकाल लागतो. पौषांत ज्वारीचीं कणसें कोंवळीं असतांना तीं आगटींत भाजावीं, हातावर चोळावीं, आणि गूळ-चटणीबरोबर गरम गरम खावीं, हा बेत पूर्वीं विकत मिळत नसे. त्याचें आमंत्रण येत असे. तें ज्याला येई तो बाराही महिन्यांचा माणूस असे. पेरणीला बैल कमी पडला तर त्याच्याकडे मागावयाचा, कार्याची अक्षत त्याला द्यावयाची, आणि मृग कोरडा गेला तर बांधावर येऊन घटकाभर मुकाट्यानें बसावयाचा तोहि तोच. त्या आमंत्रणालाहि जातीच्या आणि मानपानाच्या भिंती होत्या, हें मी विसरत नाहीं, आणि ते दिवस परत यावे असेंहि मला वाटत नाहीं. पण पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतला भेद ह्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. दुष्काळाच्या वर्षीं पाहुण्याला घरधन्याची काळजी लागे. गिऱ्हाइकाला, यंदा येथें हुरडा नाहीं, एवढेंच कळतें, आणि तें दुसऱ्या गांवचें तिकीट काढतें. ह्याला नातें म्हणावयाचें असेल तर दुकान आणि गिऱ्हाईक ह्यांनाहि सोयरे म्हणावें लागेल.

कोणी विचारील कीं, फळ नसतांना शेतावर जाऊन पाहावयाचें काय? ह्याला उत्तर असें कीं, जें पाहण्यासारखें आहे तें तेव्हांच दिसतें. नाशिकच्या द्राक्षबागेंत जानेवारी-फेब्रुवारींत घड लोंबत असतात खरे. पण त्याच बागेंत एप्रिलच्या उन्हांत खरड छाटणी होऊन वेलींचे नुसते सोट उरतात, तेव्हां पुढच्या वर्षाचें पीक मनुष्य काय हिंमतीनें मागतो तें कळतें. दुसरा आक्षेप असा कीं, लागवडीच्या घाईंत शेतकऱ्यानें ह्या पाहुण्यांची सरबराई कोठवर करावी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्यानें त्यासाठीं एखादा दिवस नेमावा, आणि तोडणीच्या दिवशींचें जें मोल तेंच त्याहि दिवशीं घ्यावें. आम्हीं तें एका शब्दानें कमी न करतां द्यावें. मुलांच्या हातीं टोपलीऐवजीं वीस रोपें द्यावीं, आणि तीं कशीं लावावीं हें त्या वाफ्यांवर राबणाऱ्या बाईनें मजुरी घेऊन शिकवावें. शाळांनीं आपल्या क्षेत्रभेटी एका शेताला एकदां, अशा न नेतां एकाच शेताला दोनदां न्याव्या. जो मुलगा सप्टेंबरांत वीस रोपें लावून येईल, तो डिसेंबरांत त्यांतलीं किती जगलीं तें आधीं मोजील. फळाकडे त्याचा हात मग जाईल. आणि वांकडें फळ तो फेंकून देणार नाहीं.

पांचगणीजवळचें भिलार हें स्ट्रॉबेरीचें गांव. २०१७ सालापासून तें ‘पुस्तकांचें गांव’ म्हणूनहि ओळखलें जातें; तेथें घराघरांतून पुस्तकें मांडून ठेविलीं आहेत आणि कोणीहि आंत जाऊन वाचावें अशी सोय आहे. तेथल्या एखाद्या ओसरीवर बसून, पुस्तकाचें शेवटचें पान तेवढें वाचून, ‘पुस्तक वाचलें’ असें कोणी म्हणूं लागला तर आपण त्याची कींव करूं. त्याच ओसरीसमोरच्या वाफ्यांत आपण वर्षानुवर्षें शेवटचें पान तेवढें वाचीत आहों, आणि आपल्या मुलांनाहि तसेंच वाचावयास शिकवीत आहों.