विज्ञानकथेची शिकवणी करू नका

आपल्याकडे मुलांना पुस्तक भेट देण्याची रीत मोठी विचित्र आहे. शाळेचा बक्षीस समारंभ असो, नाताळची भेट असो वा वाढदिवस असो, पुस्तक निवडताना वडीलधारी माणसे एकच प्रश्न विचारतात : यातून मुलाला काय शिकायला मिळेल? मुलाला ते वाचावेसे वाटेल काय, ही शंका कोणाच्याही मनाला शिवत नाही. पुस्तक मग शोकेसच्या काचेमागे चषकांच्या शेजारी जाऊन बसते आणि वर्षभराने हेच पालक भेटेल त्याला सांगत सुटतात, 'आमचा मुलगा पुस्तकाला हात लावीत नाही हो!'

अशा पालकांना अलीकडे एक सल्ला हमखास मिळतो. मुलाला विज्ञानकथा द्या. वाचनाची गोडी लागेल आणि विज्ञानाचा अभ्यासही होईल. या सल्ल्याचा पूर्वार्ध मला शंभर टक्के मान्य आहे. उत्तरार्धाविरुद्ध मात्र माझी तक्रार आहे, कारण त्यानेच पूर्वार्धाचा घात केला आहे. अभ्यासाचा वास आला की दहा-बारा वर्षांचे पोर पळ काढते. ज्या पोराला पाठ्यपुस्तकाचा कंटाळा आहे त्याला कथेच्या वेष्टनात गुंडाळलेले दुसरे पाठ्यपुस्तक देऊन आपण काय साधतो?

याबाबतीत १९७४ साली घडलेली एक गोष्ट बोलकी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपण नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने लावली होती. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती कथा त्यांनी पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगभर कीर्ती पावलेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा नावाच्या आधाराविना, केवळ कथा म्हणून उभी राहते की नाही हे पाहायचे होते. आपण नेमके उलटे करतो. 'एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे पुस्तक आहे, वाच!' असे बजावून ते मुलाच्या हाती ठेवतो. विज्ञानाचा प्रसार हा आपला हेतू डॉक्टरांनी कधी लपविला नाही, हे खरे. पण तो हेतू लेखकाचा होता. तो मुलाच्या डोक्यावर ओझे म्हणून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्याऐवजी त्याला असे सांगून पाहा. कसोटी सामना चालू आहे आणि उजव्या हाताने चेंडू टाकणारा आपला गोलंदाज एकाएकी डाव्या हाताने गोलंदाजी करू लागतो. का? एवढे बोलून गप्प बसावे. ही कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. नावावरून ती देवादिकांची वाटेल, पण तिचे मर्म भूमितीत आहे. क्रिकेटवेड्या मुलासाठी याहून चांगला गळ मला ठाऊक नाही. किंवा 'हिमप्रलय' घ्या. त्या कथेत मुंबईत बर्फ पडते. मे महिन्यात घामाने निथळणाऱ्या मुलाला एवढे एकच वाक्य पुरेसे आहे. जरा मोठ्या, कोड्यांत रमणाऱ्या मुलीला 'वामन परत न आला' ही कादंबरी द्यावी. जमिनीच्या पोटात कोणा अज्ञात संस्कृतीने ठेवलेला ठेवा सापडतो आणि त्याच्या आधारे माणसे एक यंत्रमानव घडवितात. पुढे काय होते ते तिचे तिला शोधू द्या.

मराठीतील सगळ्याच विज्ञानकथा अशा असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. कित्येक कथांत दोन प्राध्यापक समोरासमोर बसून एकमेकांना ठाऊक असलेल्याच गोष्टी चार पाने समजावून सांगतात. अशी कथा मुलाने अर्ध्यावर टाकली तर दोष मुलाचा नव्हे.

थोरांच्या पुस्तकांतही रटाळ पाने असतातच. ज्यूल व्हर्नच्या नॉटिलस पाणबुडीच्या कादंबरीत माशांच्या नावांच्या लांबलचक याद्या आहेत. मूल ती पाने उलटून पुढे जाते. जाऊ द्यावे. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाच्या हक्कांची यादी मांडली. तिच्यातला पहिला हक्क न वाचण्याचा आणि दुसरा पाने गाळण्याचा. पेनाक स्वतः शिक्षक होता, हे आमच्या शिक्षकवर्गाने ध्यानात घ्यावे. व्हर्नला मराठी रूप देणारे आपले भा. रा. भागवत, 'फास्टर फेणे'चे जनक, हेही मुलांना कथेच्या वेगानेच ओढून नेत. आणि नॉटिलसचा तो गूढ कप्तान नेमो मुळात कोण? १८७५ साली पूर्ण झालेल्या पुढच्या कादंबरीत व्हर्नने उलगडा केला आहे : बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला! हे गुपित आधीच फोडू नये, असे मी पालकांना विनवितो. येथे फोडले आहे ते केवळ मोठ्यांसाठी.

आपल्या कुटुंबांपुढची खरी अडचण निराळीच आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. 'गुरुत्वाकर्षण', 'प्रारण' असे शब्द आले की पुस्तक मिटते. त्यांना आळशी म्हणून हिणविण्यात अर्थ नाही. मग पहिली पाच-सहा पाने आईने वा वडिलांनी मोठ्याने वाचावीत, रात्रीच्या जेवणानंतर, टीव्ही बंद करून, आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक तिथेच उघडे ठेवून उठावे. तरीही मुलाने ती गोष्ट इंग्रजीतून वाचायला घेतली तर कपाळाला आठ्या घालू नयेत. आधी वाचक तर होऊ द्या. मराठीचा आग्रह धरायला पुढे अवसर मिळेल. जो वाचतच नाही त्याच्यापाशी कसला आग्रह धरणार?

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. पुस्तक संपल्यावर 'काय शिकलास?' असे विचारू नये. सारांश लिहून घेऊ नये. फार तर 'पुढे काय झाले रे?' असे विचारावे, आणि तेही आपल्याला खरोखरच ऐकायचे असेल तर.

बक्षीस समारंभांच्या समित्यांना माझी एक सूचना आहे. यंदा पुस्तकांचा गठ्ठा परस्पर मागवू नका. बक्षीसपात्र मुलांनाच दुकानात न्या, तीन-चार पुस्तके पुढ्यात ठेवा, प्रत्येकाची दोन पाने वाचू द्या आणि जे पुस्तक मूल बाजूला सारील ते मुकाट्याने फळीवर परत ठेवा.