सुरुवात वस्तुचित्राच्या तांब्यापासून

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा. वस्तुचित्राचा तांब्या, संकल्पचित्राची नक्षी, अक्षरलेखनाच्या चौकटी सगळं आठवतं. पण त्या वर्षांत एखादं आधुनिक चित्र निवांत पाहिलं होतं का, या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. शाळा मुलांचा हात तयार करते, डोळा तयार करायचं राहून जातं. आधुनिक आणि समकालीन कला वर्गात यावी आणि ती विषयसूत्रांतून यावी, यासाठी हे मुद्दे.

१. वादांची यादी मुलाला दारातच अडवते.
दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद असा क्रम पाठ करून मूल एवढंच शिकतं, की आधुनिक कला दूर कुठेतरी घडली. प्रत्यक्षात आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये मुंबईत उभा राहिला. हुसेन पंढरपुरात जन्मले, सूझा गोव्यातल्या साळगावात, गायतोंडे नागपुरात. 'वस्तू', 'काम', 'घर', 'पाणी' या सूत्रांवर मात्र प्रत्येक मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

२. सूत्र हाताशी असलेल्या गोष्टीतून निघावं.
तांब्याचं वस्तुचित्र झालं, की त्याच तासाला प्रभाकर बरवे यांची चित्रं दाखवावीत. घड्याळ, किल्ली, पान अशा रोजच्या वस्तू तिथे आपली नेहमीची जागा सोडून मोकळ्या अवकाशात येतात आणि अनोळखी वाटू लागतात. मग सुबोध गुप्ता यांचं २००८ चं 'लाइन ऑफ कंट्रोल' दाखवावं. त्यात स्टीलच्या भांड्यांचा ढीग अणुस्फोटाच्या ढगाचा आकार घेतो. आपल्याच मांडणीवरची भांडी युद्धाबद्दल बोलतात, हे आठवीच्या मुलाला व्याख्यानाशिवाय कळतं.

३. एका सूत्रात एकमेकांशी न पटणारी चित्रं हवीत.
'काम' हे सूत्र घ्या. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांचं १९५६ चं 'मिल कॉल' हे शिल्प आहे. गिरणीच्या हाकेसरशी निघालेल्या संथाळ स्त्रिया वाऱ्याला भिडून धावताहेत. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले सुधीर पटवर्धन रस्त्यावरची, रेल्वेतली, कष्टाने थकलेली शरीरं रंगवतात. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातले प्रभाकर पाचपुते चारकोलने भिंती भरतात, त्यांच्या माणसाच्या डोक्याच्या जागी कधी खाणीतला दिवा येतो. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत पांढऱ्या बारीक रेषांनी मासेमारीचं जाळं विणलेलं दिसतं. कोणाच्या चित्रात चेहरा दिसतो, कोणाच्या नाही, आणि का? एवढ्या प्रश्नावर तास भरतो. शिवाय 'आधुनिक' आणि 'आदिवासी' अशी दोन कपाटं कोणी केली, हेही मुलंच विचारतील.

४. काळ सुटता कामा नये.
लंडनचं टेट मॉडर्न २००० मध्ये उघडलं, तेव्हा तिथला संग्रह कालक्रमाऐवजी सूत्रांनुसार मांडला होता. त्यात इतिहासाचा धागा तुटतो, असा आक्षेप अनेकांनी घेतला. तो रास्त आहे. वर्गात त्यावर साधा उपाय आहे: भिंतीवर एक दोरी बांधावी आणि पाहिलेलं प्रत्येक चित्र त्याच्या सालाखाली अडकवावं. १९४७ चं स्वातंत्र्य आणि १९८२ चा मुंबईचा गिरणी संपही त्याच दोरीवर असावा.

५. चित्र म्हणजे निबंधाचं निमित्त नव्हे.
आधी दोन-तीन मिनिटं नुसतं पाहावं. मग काय दिसतं ते सांगावं, मग ते कशाने केलंय ते, आणि अर्थ सर्वांत शेवटी. 'मला आवडलं नाही' हे उत्तर कारणासह स्वीकारावं. गायतोंडे यांचा कॅनव्हास तर कुठल्याच सूत्रात नीट बसत नाही. शिक्षकाने ते मोकळेपणी सांगावं, कारण सूत्र हे आत शिरायचं दार आहे.

६. आता व्यवस्थेने करायच्या गोष्टी.
राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कला दहावीपर्यंत अनिवार्य असावी अशी शिफारस केली. तेव्हा कलाशिक्षकाचं पद भरलेलं असावं आणि परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला जाऊ नये. प्रत्येक शाळेला मोठ्या, चांगल्या छपाईच्या चित्रांचा एक संच मिळावा. मुंबई-ठाण्याच्या सहली जहांगीर आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाव्यात, इतर जिल्ह्यांत तिथलाच चित्रकार वर्गात यावा.

शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. रेखाकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला जादा गुण मिळतात, म्हणून पालक ती मनावर घेतात. त्या परीक्षेत एकच प्रश्न वाढवावा: समोर एक चित्र, आणि 'यात तुला काय दिसतं ते दहा ओळींत लिही.' प्रश्नपत्रिकेत विचारलं जातं ते वर्गात शिकवलं जातं. तो प्रश्न आला, की शाळा चित्रं शोधू लागतील.