सिंहासन परत गेलं, टुटू इथंच राहिली

रत्नागिरीचा थीबा राजवाडा बघायला गेलेल्या माणसांचे प्रश्न ठरलेले असतात. राजा बसायचा ती खुर्ची कोणती? झोपायचा तो पलंग कोणता? हे लाकूड ब्रह्मदेशचं की इथलंच? मी तिथे दोनदा गेले, दोन्ही वेळा हेच ऐकलं. राजाच्या मुली कुठे झोपायच्या, हे एकानंही विचारलं नाही. आम्ही वऱ्हाडातल्या, वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या बाया. नाव किन्हीराजा, पण राजवाड्यांशी आमचा काही संबंध नाही. तरी या राजाच्या सामानाबद्दल मला बोलायचं आहे, कारण सामान आणि बाई यांचा हिशेब आमच्याकडेही असाच मांडला जातो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थीबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणीसकट देशाबाहेर काढलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आधी मद्रास, मग १८८६ पासून रत्नागिरी. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा तिथेच मेला. एकतीस वर्षांची कैद. माणूस काही निष्पाप नव्हता. १८७९ मध्ये त्याची गादी पक्की करण्यासाठी त्याच्याच भावाबहिणींची कत्तल झाली होती. त्या कत्तलीचा ठपका मात्र लोकांनी राणी सुपायालतवर ठेवला. दरबारी होते, राणीची आई होती, गादीवर बसलेला खुद्द राजा होता. पण लोकांच्या तोंडी राहिली ती दुष्ट राणी. सुपायालत काही गाय नव्हती, मी तिची वकिली करत नाही. पण घर बुडालं की बाईनं बुडवलं, हे आपण आपल्या आळीतही ऐकतो. राजा बिचारा होतो, बायको कैदाशीण होते.

आता सामानाकडे वळू. मंडालेच्या राजवाड्याची लूट झाली. थीबाचा एक मोठा माणिक कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्यानं नेला, असा आरोप राजानं पुढे कितीतरी वर्षे केला; माणिक काही मिळाला नाही. दरबारातलं सिंहासन १९०२ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयात आलं. इकडे आलं म्हणूनच ते वाचलं, कारण १९४५ च्या युद्धात मंडालेचा राजवाडा जळाला आणि तिथली बाकीची सिंहासनं त्यात गेली. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ मध्ये, लॉर्ड माउंटबॅटननी हे सिंहासन परत दिलं. आज ते यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लंडनच्या संग्रहालयात ठेवलेल्या राजचिन्हांचंही तसंच झालं, ती १९६४ मध्ये परत गेली. चांगलंच झालं. लुटलेलं परत द्यावं, याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्याच वर्षांत रत्नागिरीत काय चाललं होतं, ते बघा. थीबाच्या चार मुली वाढल्या त्या कैदेत. राजघराण्याबाहेरचा वर बापाला चालेना, आणि कैदेत राजघराण्यातला वर आणायचा कुठून? थोरली, फाया जी, राजवाड्यातल्या गोपाळ सावंत नावाच्या नोकराबरोबर राहिली. तो आधीच लग्न झालेला होता. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, ती टुटू. १९१९ मध्ये राणी आणि मुली ब्रह्मदेशाला परतल्या, पण थोरली तिथे टिकली नाही, पुन्हा रत्नागिरीला आली. १९४७ मध्ये ती इथेच वारली. पुढच्याच वर्षी सिंहासन वाजतगाजत परत गेलं. तेव्हा टुटू बेचाळीस वर्षांची होती. राजचिन्हं लंडनहून निघाली तेव्हा ती अठ्ठावन्नची. राजाची ही नात मराठी बोलत होती, कागदी फुलं करून विकत होती, गोवऱ्या थापून विकत होती. २००० साली ती गेली. सिंहासनाच्या कोरीवकामावर तज्ज्ञांनी लिहिलं. टुटूच्या गोवऱ्यांवर लिहिलं ते बहुतेक हळहळ म्हणून: बघा, राजाची नात कुठे येऊन पडली! जणू गोवऱ्या थापणाऱ्या बाकीच्या बायांचं काही पडलेलंच नाही.

धाकटीचं, फाया गलेचं, नाव तर आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय? घराण्याचं जे नेलं ते परत द्या, असं तिनं इंग्रजांना जाहीरपणे सुनावलं. सरकारनं तिला मौलमीनला हलवलं, आणि १९३६ मध्ये ती तिथेच मेली. तिला इतिहासात एक ओळ मिळते. बापाच्या राजवाड्याला तिकीट लागतं.

हे सगळं मी का उगाळतेय? आमच्याकडे लेकीला लग्नात आंदण देतात. पलंग, गादी, अलमारी, ड्रेसिंग टेबल, कुलर, भांडीकुंडी. सोयाबीनचे पैसे आले की बाप आधी फर्निचरवाल्याकडे जातो. मांडवात सामान मांडून ठेवतात, पाहुणे फिरून बघतात, फोटो निघतात. आणि चार वर्षांनी तीच पोर एका पिशवीत दोन साड्या घेऊन माहेरी परत येते. पलंग तिकडेच. त्या पलंगावर दुसरी येते. आमच्या गटाकडे आलेल्या एका पोरीच्या बैठकीत पंचांपैकी एक म्हातारा म्हणाला, "बाई, सामानाचं काय घेऊन बसली? जीव वाचला ते पाहा." ठाण्यात गेलो तर साहेबांनी विचारलं, "पावती आहे?" पावती बापाच्या नावावर, तीही हरवलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, मले काय आठवते?" दोनशे पाहुण्यांनी पाहिलेली अलमारी कुणालाच आठवेना.

कायदा मात्र आठवण ठेवतो. स्त्रीधनाची मालक बाईच, नवरा फक्त सांभाळणारा, आणि परत देत नसेल तर तो गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणीच्या खटल्यात १९८५ मध्येच सांगितलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून हुंडाबंदी कायद्याखालचे नियम लागू झाले. लग्नात मिळालेल्या वस्तूंची लेखी यादी करायची. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं. खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. नवरीला सही येत नसेल तर यादी तिला वाचून दाखवायची, वाचणाऱ्याची सही घ्यायची आणि मग तिचा अंगठा. नवरीच्या वस्तूंची यादी नवरीपाशीच राहते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात स्त्रीधन परत देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. म्हणजे चाळीस वर्षांपासून कागद तयार आहे. संग्रहालयात प्रत्येक खुर्चीला नंबर असतो, नोंदवही असते. मग आमच्या पोरीच्या अलमारीची नोंद कुठं आहे?

इथे आपल्याच काही मैत्रिणी मला अडवतात. म्हणतात, यादी करायची म्हणजे हुंड्याला पावती देणं झालं. आपण हुंडाविरोधी, आपण आंदणाचा हिशेब लिहीत बसायचं का? प्रश्न खरा आहे, आणि मला त्याची भीतीही वाटते. यादी करायला बसलो की बाप अजून एक वस्तू वाढवील, चार लोकांत यादी लांब दिसावी म्हणून. पण माझा उलट सवाल आहे. आंदण बंद झालंय का? झालं असतं तर मीच यादी फाडली असती. सामान जातंच आहे, टेम्पो भरून जातंय, फक्त ते कुणाच्या नावानं गेलं हे लिहिलं जात नाही. तत्त्व सांभाळायचं आपण आणि पलंग राहायचा सासऱ्याच्या घरात! हुंड्याविरुद्ध बोलत राहू, मांडवात जाऊनही बोलू. पण परत आलेल्या पोरीला रिकाम्या हातानं सांगायचं की तुझं नुकसान आपल्या तत्त्वासाठी झालं, हे मला जमणार नाही. शिवाय मला खरं तर अलमारीपेक्षा शेत हवं आहे. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. भाऊ म्हणतो, तुला आंदण दिलं ना, आता बक्षीसपत्रावर, हक्कसोडावर सही कर. आंदण सासरी अडकलं, शेत भावाकडे गेलं. यादी असली तर निदान हे विचारता येतं: इतक्या रुपयांच्या लाकडासाठी माझं किती एकर सुटलं?

आमच्या गटानं यादीचा एक साधा नमुना केला आहे, एका पानाचा. दोन प्रती काढायच्या, एक नवरीच्या पेटीत, एक तिच्या आईकडे. बापाकडे नाही, त्याच्याकडची हरवते, हे आम्ही पाहिलं आहे. येत्या लग्नसराईत गावातल्या लग्नांत हा कागद घेऊन जायचं ठरलं आहे. दोन घरांनी आधीच सांगितलं, शुभकार्यात असलं अवलक्षण नको. तरीही आम्ही जाणार आहोत. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी संपादकांकडे कळवावं, आम्ही पाठवू.